चवरीवालीचे गाव

गेल्या हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या वस्तुसंग्रहालयात गेलो होतो. शहराचे नाव सांगत नाही. पुढे जे बोलणार आहे ते त्या एका संग्रहालयाला उद्देशून नाही, सगळ्यांनाच थोडेथोडे लागू आहे, आणि उगाच एकाच्या माथी का मारा?

पोरे आमच्या झाडीपट्टीतली. वैनगंगेच्या काठची, धानाच्या बांधावर वाढलेली. पहिल्या दालनात पेंढा भरलेला वाघ होता. शहरातली मुले त्याच्यापुढे थबकून उभी होती, आमच्या पोरांनी त्याला एकदा वरून खाली न्याहाळले आणि एकजण म्हणाला, "लहान हाये." मग सगळी पुढे सरकली. मूर्तींच्या दालनाच्या दाराशी मात्र सातवीतली एक मुलगी थांबली, तिने चपला काढून भिंतीशी नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली. रांगेने देव उभे होते. विष्णू, गणपती, पुन्हा विष्णू, एक महिषमर्दिनी, एक मुंडके नसलेला कोणी. त्या सगळ्यांना सोडून ही पोर कोपऱ्यातल्या एका बाईपुढे गेली आणि हात जोडून उभी राहिली.

मी जवळ जाऊन पाहिले. ती देवी नव्हती. खांद्यावर चवरी टाकून, मान किंचित वळवून उभी असलेली चवरीधारिणी होती. देवाला वारा घालणारी बाई. मास्तरकी अंगात मुरलेली असते; मी लगेच म्हणालो, "अगं, ही देवी नव्हे. ही देवाची दासी."

मुलीने माझ्याकडे पाहिले, मग बाईकडे पाहिले. "मंग हिचा देव कुठं हाये, गुरुजी?"

पाटी वाचली. 'स्त्रीमूर्ती. दगड. अंदाजे ११ वे शतक.' एवढेच. मुलीनेही वाचली, आणि म्हणाली, "गाव नाही लिवलं."

त्या दोन प्रश्नांनी माझी सहल बिघडवली, आणि हा लेख माझ्याकडून लिहवून घेतला. मी काही मूर्तिशास्त्राचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पोरांना शिकवणारा आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा माणूस. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते. कथेतले दुय्यम पात्र उचलून एकटेच पानावर उभे केले, तर ते पात्र राहत नाही, चित्र होते. आमच्याकडे दिवाळी सरली की मंडया लागतात, रात्ररात्र नाटके चालतात. त्यातल्या राजाच्या मागे चवरी घेऊन उभ्या राहणाऱ्या नटीला राजाविना, बाकीच्या मंडळींविना, दिवसाढवळ्या रिकाम्या रंगमंचावर उभे करा. ती सुंदर दिसेल, पण तिचे हात कशासाठी हलत आहेत ते कोणाला कळणार?

तसेच त्या बाईचे झाले होते. तिची मान वळली होती ती ज्याच्याकडे, तो देव तिथे नव्हता. तिथे आग विझवण्याचे लाल नळकांडे टांगलेले होते. नऊशे वर्षे एका दिशेने पाहण्यासाठी घडवलेली मान आता त्या नळकांड्याकडे पाहत होती.

आपल्याकडे वस्तुसंग्रहालय हा प्रकार आला तोच जरा निराळ्या वाटेने. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ सालचे. सर रिचर्ड टेम्पल मध्य प्रांताचा कारभार पाहत असतानाचे. लोकांनी त्याला नाव दिले 'अजब बंगला', आणि आजही टांगेवाल्याच्या नातवाला, म्हणजे ऑटोवाल्याला, तुम्ही 'मध्यवर्ती संग्रहालय' म्हणालात तर तो क्षणभर विचारात पडेल. अजब बंगला म्हणालात की मीटर पाडील. त्या नावात लोकांनी काय पाहिले ते सगळे आहे. जिथे अजब वस्तू ठेवतात ते घर. पक्षी, दगड, हत्यारे, नाणी, ताम्रपट, आणि त्याच छपराखाली देव. गावच्या माणसाला देव अजब कधीच वाटत नाही. त्याला तो शेजाऱ्यासारखा ओळखीचा असतो. अजब बंगल्यात शिरला की तोच देव 'पाहण्याची वस्तू' होतो. यात सरकारचा दोष मी पाहत नाही. त्या काळी विलायतेतही अशीच घरे उभी राहत होती, आणि ज्यांनी या मूर्ती पावसातून उचलून छपराखाली आणल्या त्यांचे उपकार आहेत. किती उपकार, ते आता सांगतो.

आपल्या रीतीप्रमाणे खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. नाक गेले, हात तुटला, की देव तिथून उठला असे मानायचे आणि मूर्ती डोहात सोडायची, किंवा गावाबाहेर पिंपळाखाली नेऊन ठेवायची. आमच्या चामोर्शी-गडचिरोलीच्या बाजूला कोणत्याही जुन्या गावात जा. पिंपळाच्या मुळ्यांत अर्धा गणपती, एखादा पाय, एखादे कीर्तिमुख रुतलेले सापडते. पोरे त्यावर बसून चिंचा खातात, बाया त्याच्यावर मिरच्या वाळवतात. त्यात अनादर मुळीच नसतो. धर्माने त्या दगडाला मोकळे केलेले असते. आता या मोकळ्या झालेल्या दगडाला कोण विचारणार? देऊळ त्याला घेत नाही, कारण तो खंडित. घरात तो ठेवता येत नाही. नदी घेते ती गिळते. जगात एकच घर असे आहे जे नाक तुटलेल्या विष्णूला मानाने चौथरा देते, त्याच्या अंगावरची धूळ झाडते, रात्री त्याच्या दाराला कुलूप लावते. ते म्हणजे संग्रहालय. देवळात न मावणाऱ्या देवांचा तो आश्रम आहे. ही बाजू मोठी आहे, आणि संग्रहालयावर टीका करणाऱ्या आमच्यासारख्यांनी ती आधी कबूल केली पाहिजे.

दुसरी गोष्ट पाहण्याची. गाभाऱ्यात आपण देव पाहतो म्हणतो, पण खरे सांगायचे तर दर्शन घेतो. समईच्या उजेडात शेंदूर, चांदीचे डोळे, हार, वस्त्र. त्याखाली पाथरवटाने गुडघ्याची घडी कशी उतरवली आहे, पायातले तोडे कसे किंचित सैल सोडले आहेत, ते भक्ताला कधीच दिसत नाही, आणि दिसावे असा त्याचा हट्टही नसतो. संग्रहालयात ते दिसते. मूर्तीच्या मागे जाता येते. मागची बाजू ओबडधोबड, छिन्नीच्या घावांची. ती पाहिली की या देवाला कोणा घामेजलेल्या माणसाने घडवले हे एकदम कळते. माझ्या पोरांना सगळ्यांत आवडली ती मूर्तीची पाठ.

हे दोन्ही एकत्र पाहायचे तर रामटेक आणि मनसर ही जोडी पाहावी. दोन्ही नागपूर जिल्ह्यात, एकमेकांना लागून. रामटेकच्या डोंगरावर केवल-नरसिंह बसला आहे. वाकाटकांच्या वेळचा, म्हणजे पाचव्या शतकातला. त्याच्या देवळाच्या भिंतीवर त्याच काळचा शिलालेख आहे. पूजा होते, शेंदूर लागतो, नारळ फुटतो. मनसरला १९७२ साली एक मूर्ती सापडली, त्याच वाकाटकांच्या काळातली. ठेंगणा, दोंदिल, जटांचा भारा डोक्यावर, चेहरा असा प्रसन्न की पाहणाऱ्याच्या ओठांवर हसू यावे. ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिची छायाचित्रे देशोदेशीच्या पुस्तकांत छापली जातात, आणि छापली जावीत अशीच ती आहे. पण तो कोण? कोणी म्हणतात शिव, कोणी म्हणतात शिवाचा गण, कोणी म्हणतात धनाचा रक्षक निधी. मनसरच्या टेकड्यांचे मोठे उत्खनन झाले ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस, मूर्ती उचलली गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी. ती गाभाऱ्यात होती, दाराशी होती की कोनाड्यात, हे कळले असते तर निम्मा वाद तिथेच मिटता. रामटेकच्या नरसिंहाविषयी असा वाद कोणी घालत नाही. त्याला नीट पाहता येत नाही, पण तो कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिल्लीच्या हसऱ्या देवाला नीट पाहता येते, आणि तो कोण ते अजून ठरायचे आहे.

आता आमच्या मार्कंड्याकडे येतो. सहलीहून परतल्यावर पुढच्याच रविवारी मी तीच पोरे मार्कंड्याला नेली. मनात खुमखुमी होती.

चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा आहे. इथे नदी वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून क्षेत्राचे महत्त्व. महाशिवरात्रीला जत्रा भरते. सगळी झाडीपट्टी लोटते. एका आवारात लहानमोठी देवळे, काही उभी, काही नुसते जोते उरलेली. मधे मार्कंड ऋषीचे, म्हणजे महादेवाचे, मुख्य देऊळ. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात चांदा जिल्ह्यात आला होता. त्याच्या अहवालाच्या नवव्या खंडात मार्कंड्याचे सविस्तर वर्णन आहे. अलीकडे लोक त्याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. हे नाव मला फारसे पटत नाही. आपल्या लेकीला शेजारणीच्या लेकीची उपमा देऊन तिचे कौतुक करावे तसे ते वाटते.

त्या भिंती उभ्या राहून पाहायच्या नाहीतच, चालून पाहायच्या. भिंत सरळ नाही. ती पुढे येते, मागे जाते, पुन्हा पुढे येते, आणि प्रत्येक वळणावर एकेक आकृती बसवलेली. प्रदक्षिणेच्या वाटेने तुम्ही चालू लागलात की कोपऱ्याआडून एक एक जण पुढे येतो. आधी बाई दिसते, तिच्या मानेच्या वळणाने तुमची नजर पुढे जाते, आणि मग जिच्याकडे ती पाहत असते तो देव समोर येतो. त्याच्या पलीकडे दुसरी बाई, तिची मान उलट वळलेली. म्हणजे त्या बाया वाटाडे आहेत. अशा देवळांवर आठ दिशांचे आठ पालक आपापल्या दिशेला असतात; इंद्र पूर्वेला, यम दक्षिणेला, वरुण पश्चिमेला, कुबेर उत्तरेला. भिंतीवरून उतरवून संग्रहालयाच्या चौथऱ्यावर ठेवलेला दिक्पाल मी पाहिला आहे. पाटीवर नाव बरोबर होते, पण दक्षिणेचा यम उत्तरेला तोंड करून खिडकीशी उभा होता, आणि त्याच्या शेजारी कुबेर. आयुष्यभर जे एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले त्यांना निवृत्तीनंतर एकाच बाकावर बसवल्यासारखे.

मार्कंड्याला सकाळच्या उन्हात एक बाजू उजळते, दुपारी दुसरी. सकाळी जी आकृती सपाट वाटते तीच कलत्या उन्हात भिंतीतून बाहेर येऊ पाहते. संग्रहालयातल्या दिव्याला वेळ नसतो. दहा वाजता जसा, तसाच पाचला.

तरी कोणी समजू नये की मार्कंड्याला सगळे ठीक आहे आणि देव तिथे सुखात आहेत. पूर्वी कधीतरी वीज पडून शिखर मंडपावर कोसळले, पुढे गोंड राजाने आतून जाडजूड खांब-कमानी घालून छत सावरले, असे जुन्या कागदांत नमूद आहे. ते खांब दिसायला बेढब, पण मला त्यांचा लोभ आहे. ज्याने ते घातले त्याने शोभेकडे पाहिले नाही, छत वाचवले. नंतरची शतके पावसाने, शेवाळाने, माणसाच्या हातांनी खाल्ली. नाके गेली आहेत, बोटे गेली आहेत. गेल्या दशकात पुरातत्त्व खात्याने मुख्य देवळाची डागडुजी हाती घेतली तेव्हा दगड उतरवावे लागले, आणि काम वर्षानुवर्षे लांबले. भाविक कुरकुरले, ते साहजिकच. पण अशा कामात दगडादगडावर क्रमांक घालतात, तो कशासाठी? कोणता दगड कोणत्या थरातला, कोणत्या बाजूचा, ते विसरू नये म्हणून. 'स्त्रीमूर्ती, दगड, ११ वे शतक' या पाटीपेक्षा तो रंगाने लिहिलेला ओबडधोबड आकडा मला शहाणा वाटतो. तो दगडाला त्याच्या जागी परत नेऊ शकतो.

आणि पाटी मुळीच नसली म्हणजे काय होते, तेही आमच्याच मुलखात पाहायला मिळते. चंद्रपूरला लालपेठ-बाबूपेठच्या बाजूला उघड्यावर प्रचंड मूर्ती पडल्या आहेत. गोंड राजांच्या अमदानीत रायप्पा कोमटी नावाच्या धनिकाने मोठे देऊळ बांधायचे मनात घेतले, एकेका शिळेतून मूर्ती कोरवल्या, आणि देऊळ उभे राहण्याआधीच तो वारला, अशी हकीकत आहे. देव घडले, घर राहून गेले. त्यांतली सर्वांत मोठी मूर्ती सुमारे २५ फूट लांब, दहा तोंडांची. ती आहे दुर्गा. पण गाव तिला म्हणते रावण! दहा तोंडे दिसली, नाव ठरले. मौज अशी की हे गाव महाकालीचे. चैत्रात तिच्या यात्रेला मराठवाड्यातून माणसे येतात. आणि त्याच गावात देवी रावण होऊन उताणी पडली आहे. मीसुद्धा तिशी उलटेपर्यंत तिला रावणच म्हणत होतो, आणि माझ्या पहिल्या कादंबरीत तसे लिहूनही गेलो आहे. कोणा वाचकाने चूक दाखवली नाही.

गावाचे नाव पाटीवर हवे, हा हट्ट कोणाला नुसता भावनेचा वाटेल. तामिळनाडूतली एक गोष्ट सांगतो. पत्तूर गावी १९७६ साली एका शेतमजुराला खणताना नटराज सापडला. तो विकला गेला, हातोहात लंडनला पोचला, पोलिसांनी पकडला. खटला उभा राहिला तो लंडनच्या न्यायालयात, आणि गावच्या पडक्या देवळातल्या शिवलिंगाच्या वतीने दावा मांडला गेला. देव स्वतः वादी! १९८८ साली निकाल देवळाच्या बाजूने लागला, अपिलातही टिकला, आणि १९९१ साली नटराज परत आला. सगळा खटला एकाच प्रश्नाभोवती फिरला: ही मूर्ती कोणत्या गावची? श्रीपुरंतानचा दुसरा एक नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने लाखो डॉलर मोजून घेतला होता. २०१४ साली तो भारताला परत मिळाला. त्या प्रकरणात पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळात काढून ठेवलेली जुनी छायाचित्रे उपयोगी पडली. कोणीतरी वेळेवर गावात जाऊन, 'ही मूर्ती इथे आहे' एवढे टिपून ठेवले होते.

आमच्या पिंपळाखालच्या दगडांचे असे कोणी टिपून ठेवले आहे? उद्या त्यातला एक उचलला गेला, दूरच्या शहरात चौथऱ्यावर चढला, तर तो आमचा हे सांगायला कोणाकडे काय आहे? मार्कंड्याहून परतल्यावर मी शाळेत एक वही घातली. पोरांनी आपापल्या गावचे दगड हुडकायचे, चित्र काढायचे, कोणत्या झाडाखाली, तोंड कोणीकडे, लोक त्याला काय म्हणतात, ते लिहायचे. शास्त्रशुद्ध नाव मागाहून कोणी विद्वान देईल. 'आंब्याच्या बोडीवरचा मुका' अशी नोंद आहे त्यात. बहुधा तो द्वारपाल असावा.

वहीत नाव नव्हते ते फक्त त्या चपला काढणाऱ्या मुलीचे. ती इथली नव्हे; राजुऱ्याकडची, आत्याकडे शिकायला राहिलेली, राजगोंडांच्या घरची. मी विचारले, "तुझ्या गावचा दगड का नाही लिहिलास?" म्हणाली, "आमच्यात दगडाचा नसते." मग जरा घुटमळून, "गुरुजी, त्या दिवशी मी त्या बाईच्या पाया नोती पडली. चवरीच्या पडली."

मला एकदम काही सुचले नाही. घरी येऊन पुस्तक काढले. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने हैदराबाद संस्थानातल्या अदिलाबादच्या राजगोंडांवर १९४८ साली मोठा ग्रंथ लिहिला. राजुरा तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. त्यात लिहिले आहे ते हेच. राजगोंडांच्या कुळाचा मोठा देव पेर्सा पेन. त्याला मूर्ती नाही. त्याची चिन्हे दोन, भाल्याचे लोखंडी पाते आणि चमरी गाईच्या शेपटीची चवरी. म्हणजे त्या दालनात रांगेने उभ्या असलेल्या सगळ्या देवांत पोरीने तिचा देव बरोबर ओळखला होता, आणि मी, पाटी न वाचताच, तिला सांगून मोकळा झालो होतो की ही दासी.

उन्हाळ्यात राजुऱ्याच्या बाजूला जाणे झाले तेव्हा तिच्या बापाला भेटलो. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. शेवटी मी भीत भीत विचारले, "दादा, तुमच्या देवाची चवरी पाहायला मिळेल का?"

तो हसला. "पाहाले कायले, गुरुजी? सणाले येते तो बाहेर. कटोरा काढते, परधान किंगरी वाजवते. मंग पाहाचा. बाकी टायमाले तो आपल्या जागी असते."

निघताना तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वाटेत मोहाचे एक जुने, दांडगे झाड लागले. तिथे त्याने पायातल्या चपला काढून हातात घेतल्या, झाड मागे पडेपर्यंत अनवाणी चालला, आणि पुन्हा घातल्या. मीही काढल्या होत्या. झाडाविषयी तो काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही.